काका बाथरूममध्ये अडकतात

लेखिका : पुन्हा सांग, दादा. दाराची मूठ हातात आली तेव्हा तू नेमकं काय करत होतास?

दादा : बाथरूममध्ये माणूस काय करतो? दात घासत होतो. छोटे, तू हे लिहून घेतेयस?

लेखिका : नाही.

दादा : दाराला कागद टेकवून लिहितेयस. ऐकू येतंय मला आत.

वहिनी : लिहू द्या हो. दुपारी तिच्या मालिकेचं शेवटचं शूटिंग, कलाकार तोंडं रंगवून बसलेत, आणि बाईंनी शेवटचा प्रसंगच लिहिलेला नाही.

लेखिका : सुचतच नाहीये, वहिनी. आधी निर्मात्याच्या नावानं खडे फोडता यायचे. आता निर्मातीही मीच.

दादा : मग घे हा प्रसंग. काका बाथरूममध्ये अडकतात. नाहीतरी तुझ्या मालिकेतला तो काका म्हणजे मीच.

लेखिका : अजिबात नाही.

वहिनी : काका ओल्या रंगाच्या खुर्चीवर बसले. हेही बसले होते. काका गच्चीवर टॉवेलात अडकले. हेही.

लेखिका : योगायोग.

दादा : दूधवाला मला काका म्हणतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे तो.

वहिनी : तुमचं चालू द्या, मी बाहेरून दार उघडते. अहो, पेचकस कुठाय?

दादा : ड्रॉवरमध्ये.

वहिनी : ड्रॉवरमध्ये नाही.

दादा : मग माळ्यावर बघ. नीट बघ, सावकाश.

(आत फरशीवर काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज.)

लेखिका : दादा, पेचकस आत कसा?

दादा : तोही अडकला.

वहिनी : सांगून टाका आता. इतकी वर्षं माझ्या पोटात राहिलं, हेच नवल.

लेखिका : काय सांगून टाका?

वहिनी : तुझी पहिली मालिका आपटली, तेव्हा तू इथे येऊन भिंतीकडे बघत बसायचीस. हे चुकून त्या खुर्चीवर बसले आणि तू पोट धरून हसलीस. रात्रीत या मालिकेचा पहिला भाग लिहिलास. तेव्हापासून तू रविवारी तोंड पाडून आलीस की हे कुठेतरी पडतात.

लेखिका : गच्ची?

दादा : कडी मीच लावून घेतली. थंडी मात्र खरी होती.

लेखिका : आणि ती अर्धी मिशी?

दादा : ती खरी चूक. तिचा विषय नको.

लेखिका : म्हणजे मला कधी काही सुचलंच नाही. सगळं तूच लिहीत होतास. माझ्या नावावर नुसती बक्षिसं.

दादा : वेडी आहेस का? मी फक्त पडायचो. मी पडलो की तुझी वहिनी काय म्हणते, माहितीये?

वहिनी : फरशी पुसा म्हणते.

दादा : बघ. तीच माणसं, तीच फरशी. त्यातून घरोघरची माणसं हसली ती तुझ्यामुळे.

लेखिका : रडवू नकोस, मला विनोदी लिहायचंय. थांब. काका अडकलेत. सगळ्या घराला ठाऊक आहे की पेचकस त्यांच्याच खिशात आहे. पण कोणी बोलत नाही. सगळे दाराबाहेर चहा घेऊन बसतात आणि त्यांना हवं तितकं अडकू देतात.

वहिनी : बाई गं. हा झाला की शेवट.

लेखिका : झाला. दादा, ये बाहेर.

दादा : आलो. मूठ बसवली. फिरवतो.

वहिनी : फिरवा की.

दादा : फिरत नाहीये.

लेखिका : दादा, पुरे आता नाटक.

दादा : आईशप्पथ नाटक नाही. अडकलोय मी.

वहिनी : हसू नकोस गं, मलाही आवरत नाहीये. अहो, सुताराला फोन करते. तू निघ, तिकडे सगळे खोळंबलेत.

लेखिका : फोनवर सांगते त्यांना प्रसंग. सुतार येईपर्यंत बसते इथेच.

दादा : छोटे.

लेखिका : काय?

दादा : मालिका संपली. आता रविवारी कशाला येशील तू?

लेखिका : जेवायला येईन. पण पडायचं नाही.

दादा : मग मी करायचं काय?

लेखिका : काही नाही. बसायचं माझ्याशेजारी.