हात केला की थांबते

(नागपूर, महाल. दुपार टळलेली. संत्र्यांचे दलाल गणपतराव आज सकाळीच कलकत्त्याहून परतले आहेत. समोर बायको कौशल्या आणि मुलगी प्रेमिला.)

गणपतराव : ...ना बैल, ना घोडा, ना धूर! वर तारेले एक दांडा टेकवला का चालली. खोटं नाई सांगत, आपलं अख्खं वऱ्हाड बसंल येवढी मोठी गाडी, आन भर रस्त्यातून घनघन करत चालली!

कौशल्या : अवो, तुमी पोरगा पाहाले गेल्ते का टराम? आता बाबाराव येतीन. ‘आमच्या अनंताले पोरगी देता का नाई’ म्हनून इचारतीन. त्याईले काय तो दांडा दाखवू?

गणपतराव : सांगून तं राह्यलो वं. सारं एकातएक गुतलं हाय.

कौशल्या : माहं तं ठरलं हाय. कलकत्त्याले पोरगी देत नाई. येवढ्या दूर दिली म्हंजे गेलीच समजा.

प्रेमिला : मा, सांगू तं दे. बाबा, नदी लागली का तिथं?

गणपतराव : नदी? समुद्रच म्हन! तिच्यावर तरंगता पूल. जहाज आलं का पुलाचा मधला तुकडा काढून बाजूले करतेत. जहाज गेलं का पुन्हा जोडतेत. हजारो मानसं दोहीकडं उभे, कोनी हूं का चूं करत नाई. आन आपल्याकडं महालातून बर्डीवर जाचं म्हनलं तं टांगेवाल्याचे पाय धरा लागतेत.

कौशल्या : पोरगा कसा हाय?

गणपतराव : मंग बजार पाह्यला. आपले संत्रे होते वं तिथं! एकेक पुसून, पातळ कागदात गुंडाळून, तान्हं लेकरू द्यावं तसं गिऱ्हाइकाच्या हातात देत होते. तीस वर्सं झाले मी संत्रं इकून राह्यलो, टोपल्यात ओतून, पायानं सरकवून. मले बाप्पा लाजच वाटली. आन डोये भरून आले.

प्रेमिला : रडले तुमी? बजारात?

गणपतराव : रडलो. काहून, दलालानं रडू नाई का? मंग अनंत मले एका दुकानात घेऊन गेला. चार माळ्याचं दुकान! सुईपासून पलंगालोक सारं एकाच छताखाली. वर जाले एक पिंजरा हाय. डोये मिटले, उघडले, तं तिसरा माळा. आन इकनारी कोन? बाई! कोनी पदर ओढत नाई, ‘या ना काकू, पाहा ना काकू’ नाई. हरेक मालाले चिठ्ठी, चिठ्ठीवर भाव.

कौशल्या : आन कमी कराचा असला तं?

गणपतराव : करतच नाई.

कौशल्या : मंग तो बजार काहाचा!

गणपतराव : मलेही तसंच वाटलं. प्रेमिलासाठी एक रेशमाचा तुकडा पसंत केला. भाव चिठ्ठीवर होता. आता मी दलाल मानूस. हात आपोआप चालला. खांद्यावरचा दुपट्टा काढला आन त्या इकनाऱ्या बाईच्या हातावर टाकला.

प्रेमिला : काय केलं?

गणपतराव : दुपट्ट्याखाली समोरच्याचे बोटं धराचे आन मुक्यानंच भाव सांगाचा. रोजचंच काम हाय ना आपलं! मी धरले तिचे दोन बोटं.

कौशल्या : परक्या बाईचे? अवो, लाज कुठं ठेवली होती, टराममंधी का?

गणपतराव : ती किंचाळली. सारं दुकान गोळा झालं. पगडीवाला दरवान आला. मी घामानं ओलाचिंब. दुपट्टा तसाच माह्या हातावर लटकलेला.

प्रेमिला : आन ते... ते कुठं होते?

गणपतराव : अनंत? बाजूलेच. कोट घातलेला, रेल्वेच्या हापिसातला मानूस, चार वळखीचे पाहून राह्यले. त्याले म्हनता आलं असतं, ‘मी या मानसाले वळखत नाई.’ मीच म्हनलो असतो त्याच्या जागी. पन त्यानं पयले त्या बाईची इंग्रजीत माफी मांगितली. मंग माह्याकडं आला. आन काय केलं सांगू? सगळ्याईच्या समोर माह्या दुपट्ट्याखाली आपला हात घातला. चिठ्ठीवरचा भाव बोटानं दिला, नेमका! आन हळूच म्हनला, ‘मामाजी, इथं सौदा येवढाच.’ हासला नाई वं तो. एकडावही हासला नाई.

कौशल्या : ...बाबारावचा संत्र्याचा बगीचा हाय. अनंतानं असा सौदा पाह्यला असंल लहानपनी.

गणपतराव : पाह्यलं असंलच. पन लपवलं नाई.

कौशल्या : पोरगा चांगला हाय. मी कुठं नाई म्हनून राह्यली? पन दूर हाय. एक रात, एक दिवस गाडी. कोन आनीन पोरीले माहेरी? कोन नेईन?

गणपतराव : तेच सांगाचं राह्यलं. परत येताना टराममंधी होतो. रस्त्याच्या कडेले एक बाई उभी. एकटी. कडेवर लेकरू, हातात पिशवी. तिनं नुसता हात केला, आन गाडी थांबली. कौशल्या, आत साहेब होते, वकील होते, सारे तिच्यासाठी थांबले. कोनी इचारलं नाई, बाई, तुह्यासंग कोन हाय. चढली, बाईमानसाच्या बाकावर बसली, आपलं तिकीट आपन घेतलं.

प्रेमिला : एकटीनं?

गणपतराव : एकटीनं. अनंत म्हने, मायले भेटाले जात असंल.





कौशल्या : माह्या मायचा सांगावा आल्ता, तवा संत्र्याचा हंगाम होता. तुमी म्हनले, उद्या नेतो. तो उद्या तीन दिसानं उगवला. सावरगावले पोचलो तं मायची राख थंडी झाली होती.

गणपतराव : त्या बाईले पाह्यलं आन मले तेच आठवलं. पुलावर येईलोक आठवत होतं. तेवीस वर्सं झाले, मी तुह्यी माफी नाई मांगितली.

कौशल्या : मांगू नका. मले एकटीले जाता आलं असतं, तं माफीची गरजच नसती पडली.

प्रेमिला : मा...

कौशल्या : तू इकडं बस. तुले तं कोनी इचारलंच नाई. तुले जाचं हाय का?

प्रेमिला : भेव वाटते, मा. पन जाचं हाय. आन तुह्यं पत्र आलं का मी निंगीन. कोनी नेईन म्हनून वाट नाई पाहनार.

कौशल्या : ...बाहेर कोन खोकललं?

गणपतराव : बाबाराव असतीन. काय सांगू मी त्याईले?

कौशल्या : तुमी दार उघडा. प्रेमिला, साखरेचा डबा काढ वं.