मामाच्या ढाब्यावरची बडीशेप

फुंकून पोटातला जंतू कळते का म्हणता? पक्कं कळते! फक्त आमच्या मामासारखं नाही करायचं.

मामाचा ढाबा सडक अर्जुनीजवळ, हायवेवर. पोटात जळजळ होऊन राहिली म्हणून गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पिशवीत फुंकायची टेस्ट सांगितली. वरून बजावलं, "काका, त्याआधी दोन हप्ते गॅसची गोळी बंद. गोळीनं जंतू दबून बसतो, मग टेस्टमध्ये सापडत नाही."

मामा फुंकून आला. जंतू नाही! ट्रकवाल्यांना सांगत सुटला, "अपना पेट एकदम साफ!" जळजळ मात्र तशीच.

मग एकदा त्याच बाई नागपूरला जाताना ढाब्यावर जेवल्या. मामानं बडीशेप आणली, अन् तिच्यासोबत एक गॅसची गोळी.

"हे काय?"

"आपला रिवाज आहे, म्याडम. तिखट रस्सा खाल्ला का सोप अन् गोळी. फुकट."

"तुम्ही पण घेता?"

"जेवल्यावर रोज!"

"अहो, बंद करायला सांगितली होती ना?"

"तुम्ही लिहून देल्ली ते केली ना बंद. हे तं सोपेसोबतची आहे!"

बाईंनी कपाळाला हात लावला. पुन्हा दोन हप्ते नुसती बडीशेप, पुन्हा टेस्ट. जंतू बरोबर सापडला. बाईंनी औषधं दिली. मामानं त्यातली एक पट्टी उलटीपालटी करून पाहिली अन् भडकला.

"म्याडम, हे तं माझीच गॅसची गोळी! इलाज मी पहिलेच सुरू केला होता, तुम्हीच बंद पाडला!"