लांब मानेची

— नाही, नाही, काही वाकलेलं नाही, या गिटारची मानच लांब आहे. सगळ्यांना आधी तेच वाटतं. आमचे दूधवाले गेणभाऊ तर म्हणाले, "प्रोफेसर, तुमच्या मारवाडातली दिसती ही, उंटावानी मान हाय की राव!" मी हसलो. सुमती नाही हसली — सुमती म्हणजे माझी पत्नी, आत भांडी लावतेय ती. बसा ना, ऋतिक. अवसरीहून उन्हात आलात. तुम्ही लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवता, तुम्हाला मी काय सांगायचं — पण सांगतो, न सांगता विकली असं नको व्हायला. साधी गिटार खालच्या सुरात उतरवली तर काय होतं? तारा सैल पडतात, पडद्यांवर खडखडतात, सूर डुगडुगतो. हिची मान लांब, तारा जाड, म्हणून सूर खाली गेला तरी तार ताठ राहते. दाबून खाली बसवलेला आवाज नाही हा, मुळातच खालचा आहे. फरक आहे ना? का मलाच उगाच वाटतो? — आहे, आहे फरक.

वाजवा. हां — तसं नको, सगळ्या तारांवरून हात नका फिरवू. खालचे सूर एकदम आले की गढूळ होतं सगळं, पावसाळ्यात कळंबच्या पुलाखाली घोडनदी होते ना, तसं. दोन-तीनच तारा छेडा. मधे जागा सोडा. मलाही हे उशिरा कळलं, जन्मभर ध्वनिशास्त्र शिकवून. पोरांना पाठ सांगायचो, आणि स्वतःच्या घरात — जाऊ द्या.

का विकतो? वापरात नाही म्हणून. म्हणजे घेतली होती सुमतीसाठीच. आमच्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, पर्युषणात बायका स्तवनं म्हणतात, तिथे पहिला सूर लावायचा मान सुमतीचा. ती सुरुवात करणार, मग बाकीच्या मागून. कित्येक वर्षांचं आहे हे. तिची पट्टी पांढरी पाच — पेटीवर शोधायलाही लागायची नाही तिला. घरी सराव करायची तेव्हा साथीला मी, माझी पुण्याच्या हॉस्टेलातली जुनी गिटार घेऊन. मागच्या दिवाळीनंतर गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी होती हो, काळजीचं काही नव्हतं. पण आवाज उतरला. पांढरी दोनवर आला. सुमती सगळ्यांना सांगायची, "घसा बसलाय जरा." मीही मान हलवायचो. आणि मग मला ही सापडली — बोटं पांढरी पाचचीच ठेवायची आणि निघते पांढरी दोन! या वयात मला नवं काही शिकायला नको, तिला वर ओढायला नको. इतकं नेमकं बसलं की मला वाटलं, वा, रूपचंद, आयुष्यात एकदा तरी विद्या घरात उपयोगी पडली.

तेवढं करून गप्प बसायला हवं होतं. मंडळाच्या बायका सरावाचं विचारायला आल्या. डिंपलनं — धाकट्या भावाची सून — सहज विचारलं, "काका, हे लांबलचक काय आणलंत?" आणि मी सुरू झालो. तार, ताण, लांबी, सगळं. आणि उदाहरण म्हणून — उदाहरण म्हणून हो! — "आता तुमच्या काकूंचा आवाज पांढरी दोनला गेलाय, तो काही परत वर यायचा नाही, म्हणून ही." सुमती उठली, चहा टाकला. चांगला झाला होता चहा. जाता जाता तिनं डिंपलला सांगितलं, "यंदा सूर तू लाव." झालं. तेव्हापासून ती गुणगुणतसुद्धा नाही. दळण निवडताना गुणगुणायची, ते ऐकूनच मला कळायचं घरात कोणीतरी आहे. रागावली असती तर बरं. ती मला वेळेवर वाढते.

काय? नेहमीच्या सुरात येते का? येते ना, ही तारा दाबून धरणारी क्लिप पाचव्या पडद्यावर लावा, झाली पांढरी पाच. सूर तोच, पण आवाज बघा, साध्या गिटारीसारखा नाहीच, अंगानं दांडगा माणूस हळू बोलतोय — ऐकलंत? पातेलं आपटलं. काढा, काढा ती क्लिप. तिची जुनी पट्टी आहे ती, माझ्या लक्षातच — बघा, पुन्हा तेच केलं मी. खालीच वाजवा. उघडं. हळू. तुम्हाला हवी तर घेऊन जा, मी काही — थांबा.

भांडी थांबली.

नाही, तुम्ही नका थांबू. माझ्या कानांचा भरवसा नाही, वरचं फारसं ऐकू येत नाही आता, पण हे खालचं — ही तार आहे का? तार एवढा वेळ टिकत नाही. तुम्हालाही ऐकू येतंय, आतून? सांगू नका. तिकडे बघू नका. गिटारचं मग पाहू आपण. कमी तारा, ऋतिक. मधे जागा सोडा. मी बोलत नाही आता, मी अगदी —