एकोणीस नंबरचा दगड

सन्माननीय अध्यक्ष संचालकसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी लेक नि जावई,

आपण सगळे माझ्याबद्दल भरभरून बोललात, आभारी आहे. मला अर्धा तास दिलाय, पण मी पाच मिनिटांत आटोपणार आहे. कारण माझ्या खुर्चीखाली एक बादली आहे. तिच्यातले पुष्पगुच्छ मी काढून टेबलावर ठेवलेत, राग मानू नये.

या उद्यानाच्या ओढ्यावर एकतीस वर्षं मी एकच काम केलं. दर महिन्याला तेच चाळीस दगड उचलायचे, खाली कोण राहतं ते लिहायचं आणि दगड होता तसा, ओली बाजू खाली करून, परत ठेवायचा. म्हणून तर तुम्ही मला दगडताई म्हणता.

आता मला सांगा, व्यासपीठाच्या कडेची ही आरास कशाची आहे, हे किती जणांनी नीट पाहिलं? ते माझेच दगड आहेत. ड्रायव्हरकाका कौतुकानं म्हणाले, "ताई, साहेबांनी सांगितलं, तुमच्या आवडीचे दगड आणा. शोधायला त्रास नाही झाला, नंबर होते ना." ते नंबर मीच घातले होते.

साहेब, मला राग आलाय, आणि तो मी गोड शब्दांत गुंडाळणार नाही. हा महिना माशांचा अंडी घालण्याचा, दगड जागेवरून हलवू नयेत, असं माझ्या प्रत्येक अहवालात पहिल्याच पानावर असतं. ते वाचायला पान उलटावंही लागत नाही. एकोणचाळीस दगड ब्रशनं घासून चकचकीत झालेत. त्यांच्यावर आता काही उरलेलं नाही. काकांना बोल लावू नका, त्यांनी जीव ओतून घासलेत. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

एकोणीस नंबर मात्र मागचा पडदा दाबायला ठेवला होता, म्हणून घासायचा राहिला. तो या बादलीत आहे. त्याच्या खालच्या बाजूला अंडी आहेत, अजून ओली. दगडाखाली राहणाऱ्या या माशाची मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. सकाळपासून तो रिकाम्या जागेवर पहारा देत असेल.

तेव्हा मानपत्र लेकीकडे द्या. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. जे घडलंय ते मात्र मी पोटात घालणार नाही. सगळ्यांचे आभार मानून निघते. चहा तुम्ही घ्या.

ओढा सात मिनिटांवर आहे आणि बादली मला एकटीला जड होते. साहेब, उठा. एका बाजूनं तुम्ही धरा.