देशात अकरावा

सकाळी सव्वानऊला हाडांच्या दवाखान्यातल्या बाईंनी रोजच्यासारखी नावांची वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढले. समोरच्या बाकावर दोघेच होते: उजव्या हाताला प्लास्टर घातलेले चाळिशीपुढचे एक गृहस्थ आणि त्यांची थोरली बहीण.

“ताई, ऑफिसात आज चारला माझा सत्कार आहे.”

“पडल्याबद्दल?”

“डोंगरी सायकलच्या राष्ट्रीय स्पर्धेत अकरावा आलो म्हणून. फलकसुद्धा छापलाय, ‘देशात अकरावा’.”

“मग तोंड का पाडलंयस? त्यात खोटं काय आहे?”

“खोटं काहीच नाही. आमच्या वयोगटात होतेच अकरा जण.”

“अगं बाई! आणि हा हात?”

“दगडांच्या उतारावर दहावा खाली उतरून चालत निघाला. म्हटलं, याला तरी गाठू. सरळ झुडपात गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.”

“मग गाडीतून आणलं?”

“छे! एका हातानं सायकल ढकलत आलो. मागून स्पर्धेची वाट आखणाऱ्या फिती गुंडाळणारा येत होता. म्हणाला, ‘काका, सावकाश जा. तुम्ही गेल्याशिवाय मला गुंडाळता येत नाही.’”

आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलीला बाई पुन्हा टोक काढू लागल्या.

“हसतील रे सगळे.”

“हसू देत. पण त्या फलकाखाली माझ्यानं उभं राहवणार नाही. तूच लिही माझ्या फोनवरून ऑफिसच्या ग्रुपवर. ‘अकरापैकी अकरावा.’”

“एवढंच?”

“‘शेवटचा दीड किलोमीटर चालत.’”

बाईंनी पहिले नाव पुकारले. ताईंनी निरोप पाठवला, फोन पर्समध्ये ठेवला आणि भावासाठी दार उघडून धरले.