फ्रिजमधलं बी

विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा पोस्टात, रांगेत मार्लिसच्या पुढे एक म्हातारं जोडपं पाकीट घेऊन भांडत होतं.

"कोलंबाइनच्या फुलांचं बी थंडीत मुरल्याशिवाय रुजत नाही, म्हणून ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेलं. आणि तू खुशाल गॅरेजमागे फेकलंस, ऑरिन!"

"मला वाटलं, चीजला बुरशी आली."

"दोन वर्षं जीव जळत होता माझा."

"आणि यंदा मे महिन्यात गॅरेजमागच्या पाचोळ्यात लालभडक फुलं आधी कुणी पाहिली?"

"हमिंगबर्डनं! मग मी. तू तिसरा."

"बरं, बहिणीला बी पाठवतेयस, पण पाकिटावर लिहिलंस काय?"

"फ्रिजमध्ये ठेव. नवऱ्यापासून लांब."

"खोड ते. लिही, नवऱ्याला फेकू दे."

ती हसत सुटली, पर्स चाचपू लागली. मार्लिसनं आपलं पेन पुढे केलं.