ओठाची उतरलेली बाजू

बैरूतच्या बेकरीत रांगेला उभी असले तरी मी कान झाकून घेणारी बाई नाही. काल माझ्यापुढे नुहाद होती आणि रिंदला नावाची तिची भाची, सुरकुत्या घालवायच्या दवाखान्यातली नर्स.

"तोंड का पाडलंयस, मेले? एसीत बसून सुया टोचायच्या, वर बायका बकलावा आणून देतात."

"मावशी, परवा एक बाई आली. संध्याकाळी मुलीचा साखरपुडा. म्हणाली, ओठाची एक बाजू उतरलीय, सुई देऊन भरून दे."

"मग?"

"दिली भरून. छान दिसतेस, मी म्हणाले. खुर्चीवरून उठली आणि कोसळली."

"उपाशी असेल. मुलीच्या साखरपुड्याला आई कुठे जेवते?"

"लकवा होता तो, मावशी! सरकारी इस्पितळात होते तेव्हा असला चेहरा मी दारातूनच ओळखायचे."

"वाचली ना?"

"वाचली. बोलता येत नाही."

"मग जा परत इस्पितळात."

"कुठल्या डोळ्यांनी जाऊ? आत्ता तुझ्याकडे बघतेय, तर तुझ्या कपाळाला किती सुया लागतील एवढंच दिसतंय."

नुहादनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घेतला.